पदवीचा भाव आणि विद्येचे मोल

बारावीचे निकाल लागले, की मराठवाड्यातील लहानमोठ्या गावांत एक निराळाच बाजार भरू लागतो. बसस्थानकाच्या भिंतींवर शिकवणी वर्गांचे फलक झळकतात, गुणवंतांची छायाचित्रे चौकाचौकांत लागतात आणि ज्याच्या त्याच्या तोंडी ‘पुढे काय?’ हा एकच प्रश्न असतो. बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले किल्ले धारूर याला अपवाद नाही. या गावातील मध्यमवर्गीय घर म्हणजे बहुधा कोणी शिक्षक, कोणी बँकेतील कर्मचारी, कोणी छोटा दुकानदार, आणि यातील बहुतेकांची थोडीफार कोरडवाहू शेती. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचते आणि एके दिवशी आईवडिलांपुढे एक अपरिचित नाव ठेवते : कॉग्निटिव्ह सायन्स, अर्थात बोधनविज्ञान. घरातील वडीलधारी मंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहतात आणि विचारतात, “हे शिकून काय होता येते?”

या प्रश्नाला आपल्या समाजात दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक उत्तर बाजाराचे. ‘पॅकेज’ किती, एवढेच त्याला दिसते आणि ज्या पदवीपुढे आकडा लिहिता येत नाही ती त्याच्या लेखी शून्य असते. दुसरे उत्तर उपदेशकांचे. विद्या ही विकण्याची वस्तू नव्हे, तिची किंमत पैशात करणे हाच अधमपणा, असे ते सांगते. पहिले उत्तर उथळ आहे, हे उघड आहे. परंतु दुसरे उत्तरही प्रामाणिक नाही, कारण उपदेश करणाऱ्याच्या घरावर कर्ज नसते. पैशाचा हिशेब मांडणे आणि विद्येचा आदर करणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत, हा समजच मुळात सोडून द्यावा लागेल.

काय आहे हे शास्त्र?

माणसाला कळते म्हणजे नेमके काय होते, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे. डोळ्यांना दिसलेल्या आकृतीचा अर्थ कसा लागतो, स्मरणात काय राहते आणि काय निसटते, दोन वर्षांचे मूल व्याकरण न शिकता भाषा कशी बोलू लागते, निर्णय घेताना मन कोठे फसते, असे प्रश्न एकाच विद्याशाखेच्या आवाक्यात येत नाहीत. म्हणून मानसशास्त्र, भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान, संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र यांच्या संगमावर हे शास्त्र उभे राहिले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत सप्टेंबर १९५६मध्ये झालेल्या परिसंवादापासून त्याचा जन्म मानण्याची प्रथा आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की, मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर, संगणकाला विचार करायला लावू पाहणारे ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन हे सारे तेथे होते. पुढे १९८६मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेत या विषयाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

भारतात या विषयाला घर मिळाले ते बरेच नंतर. अलाहाबाद विद्यापीठात २००२मध्ये वर्तन व बोधनविज्ञान केंद्र सुरू झाले. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८मध्ये या क्षेत्रातील संशोधनासाठी स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. हैदराबाद विद्यापीठात मज्जा व बोधनविज्ञानाचे केंद्र आहे, गांधीनगरच्या आयआयटीत या विषयातील एम.एस्सी. आहे आणि कानपूरच्या आयआयटीत स्वतंत्र विभाग आहे. या सर्व सार्वजनिक संस्था आहेत, बऱ्याच ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला दार उघडे आहे, परंतु जागा मोजक्या आहेत. धारूरच्या मुलीला यांपैकी कोठेही जायचे तर मराठवाड्याची वेस ओलांडावी लागेल.

मराठवाड्याला हे नवे नाही. निजामी राजवटीत या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. १९१८मध्ये स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ हे जवळचे, पण तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९३८मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना तेथून बाहेर काढण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. मराठवाडा विद्यापीठ स्थापन व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. बीड शहरात पहिली रेल्वे पोहोचली ती तर १७ सप्टेंबर २०२५ रोजी. ज्या प्रदेशाने शिक्षणासाठी इतके अंतर तोडले, त्याच्या मुलांना ‘दूर कशाला जाता?’ असे विचारणे शोभत नाही. विचारायचे ते हे, की जाताना शिदोरी किती न्यायची, ती कोणाकडून घ्यायची आणि परत कशी फेडायची.

उचल आणि कर्ज

कर्जाचा अर्थ बीड जिल्ह्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांचे तांडे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि मग ती टनामागे मोजून श्रमातून फेडायची. हंगामात पाऊस लांबला, आजारपण आले, कारखाना लवकर बंद झाला, तर फिटली नाही ती रक्कम पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. उचल घेताना हातात पैसा दिसतो, पण वस्तुतः त्या क्षणी विकले गेलेले असतात ते पुढचे पाच-सहा महिने.

शैक्षणिक कर्जाची जातकुळी याहून सर्वस्वी निराळी नाही. फरक इतकाच, की येथे पाच महिने नव्हे, दहा-बारा वर्षे विकली जातात आणि कोणत्या फडात काम मिळेल हे उचल घेताना ठाऊक नसते. म्हणून पदवीच्या आर्थिक मूल्याचा प्रश्न विचारणारा बाप क्षुद्र ठरत नाही. तो आपल्या मुलीच्या भावी आयुष्याची मालकी कोणाकडे राहणार, एवढेच विचारत असतो. तो प्रश्न जितका आर्थिक, तितकाच तिच्या स्वातंत्र्याचाही आहे.

डी.एड.चा धडा

हा हिशेब न मांडल्याचे परिणाम याच भूमीने भोगले आहेत. २०००नंतरच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड.ची लाट आली. बारावीनंतर दोन वर्षे, मग शाळेत नोकरी, असा तो सोपा मार्ग वाटला. मागणी पाहून विद्यालये निघाली, कोणी शेत विकून प्रवेश घेतला, कोणी नोकरीच्या आशेने संस्थाचालकांच्या हाती रक्कम ठेवली. नंतर भरती आटली. २०१३पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७मध्ये अभियोग्यता चाचणी आली, आणि हाती पदविका असलेल्या हजारो तरुणांची वये वाट पाहण्यात सरली. पुढे विद्यार्थी मिळेनात म्हणून अनेक विद्यालयांना कुलुपे लागली.

यात शिक्षकी पेशाचा काही दोष नव्हता. समाजाला शिक्षक तेव्हाही हवे होते, आजही हवे आहेत. चूक झाली ती अशी, की पदविकेचे मोल एकाच गिऱ्हाइकाच्या, म्हणजे शासनाच्या, इच्छेवर अवलंबून होते आणि त्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवताच दुसरे कोणी उरले नाही. त्या शिक्षणातून असे दुसरे कौशल्य हाती येत नव्हते, जे अन्यत्र उपयोगी पडावे. कोणतीही पदवी तोलताना पहिला प्रश्न म्हणूनच हा असावा : या शिक्षणाला गिऱ्हाईक एक आहे की अनेक?

आज डी.एड.ची जागा ‘नीट’ने घेतली आहे. २०२४मध्ये या परीक्षेसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्याच पुढे होत्या. लातूरच्या शिकवणी वर्गांत दोन-दोन, तीन-तीन वर्षे घालवणाऱ्या मुलांच्या घरी त्या वर्षांची किंमत कोणी मांडत नाही, कारण डॉक्टर या शब्दाला प्रतिष्ठा आहे. बोधनविज्ञानाला ती नाही, म्हणून त्याची मात्र कसून उलटतपासणी होते. तराजू एकच असेल तर तो दोन्हीकडे सारखाच लावला पाहिजे.

आकडे काय सांगतात?

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, या शिक्षणासाठी परदेशी किंवा महागड्या खासगी विद्यापीठाचा हट्ट न धरता सार्वजनिक संस्थेत दोन वर्षांसाठी तीन लाख रुपयांचे कर्ज घेतले. व्याज शेकडा १० आणि सारी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असे धरले, तर शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष मिळून सरळव्याजानेच ९० हजार चढतात. तीन लाख ९० हजारांची फेड दहा वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,१५० रुपये पडतो. आता हेच कर्ज दहा लाखांचे असते, तर तीन वर्षांनी ते तेरा लाख होते, हप्ता सुमारे १७,२०० रुपये येतो आणि दहा वर्षांत वीस लाखांहून अधिक रक्कम परत जाते.

या दोन हप्त्यांमधील अंतर नीट पाहावे. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन ६,००० रुपयांवरून १६,००० झाले ते २०२३मध्ये. म्हणजे दहा लाखांच्या कर्जाचा हप्ता शिक्षणसेवकाच्या संपूर्ण मानधनाहून मोठा आहे. तीन लाखांचा हप्ता मात्र साधारण पहिल्या नोकरीतूनही, काटकसर करून का होईना, फेडता येतो. पदवी तीच, शास्त्र तेच. एका घरात ती पंख होते, दुसऱ्या घरात पायातील बेडी. तेव्हा ‘बोधनविज्ञानाच्या पदवीचे आर्थिक मूल्य काय?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर पदवीत नसून ती कितीला घेतली यात आहे.

अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठांत एका वर्षाचा खर्च साठ लाख रुपयांच्या पुढे जातो. तेथे नोकरी मिळून कर्ज फिटेल या आशेवर अनेक घरे गहाण पडली. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा केली, तेव्हा ती आशा किती परावलंबी होती हे दिसून आले. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जावे. शेत विकून मात्र जाऊ नये.

हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्याला संशोधनाची ओढ आहे आणि जो कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवतो, त्याला जानेवारी २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. पाच वर्षांचा हिशेब केला तर ही रक्कम २४ लाख होते, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे पीएच.डी.ची पाच वर्षे ही घरावरील भार नसून कमाईची वर्षे ठरू शकतात. पुढे सहायक प्राध्यापकपद मिळाले तर सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. अर्थात ही अधिछात्रवृत्ती सर्वांना मिळत नाही आणि प्राध्यापकपदे तर त्याहून दुर्मीळ. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे उच्चविद्याविभूषित तरुण मराठवाड्यातील महाविद्यालयांत पावलोपावली भेटतात. त्यांच्याकडे पाहून मगच हा मार्ग धरावा.

कर्ज घ्यावेच लागले तर त्यातील सवलती ठाऊक असाव्यात. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराविना कर्जाची सोय आहे. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, फेड सुरू होण्याआधीच्या काळापुरती, तीन टक्के व्याजसवलत आहे. तालुक्याच्या गावातील किती घरांना हे ठाऊक असते? कर्ज देणारा दलाल दारात येतो, योजना मात्र दाराशी येत नाही.

उघडणारी आणि न उघडणारी दारे

बोधनविज्ञानाविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की ते शिकून मनोविकारांवर उपचार करणारा तज्ज्ञ होता येते. असे होत नाही. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेल्या ठरावीक शिक्षणक्रमानंतरच मिळते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही हीच मर्यादा घातली आहे. बोधनविज्ञानातील एम.एस्सी. केल्याने ती नोंदणी मिळत नाही. ज्या मुलीला रुग्णांच्या शेजारी बसून काम करायचे आहे, तिने प्रथमपासून मानसशास्त्राची वाट धरावी. दोन वर्षे आणि तीन लाख रुपये खर्चून हे कळणे फार महाग पडते.

दुसरी अडचण नोकरशाहीची. प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, संगणकशास्त्र हे विषय आहेत, बोधनविज्ञान असा स्वतंत्र विषय नाही. ज्यांचा विषय यादीत नाही त्यांना जवळच्या विषयात परीक्षा देता येते, पण पुढे एखाद्या महाविद्यालयात मानसशास्त्राच्या जागेसाठी अर्ज केला की समकक्षतेचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून पदवीला मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांपैकी एखादा भक्कम विषय असणे शहाणपणाचे. संगमावर उभे राहायचे असले, तरी एक पाय कोणत्या तरी काठावर घट्ट रोवलेला हवा.

तिसरी गोष्ट गणिताची. ‘नीट’च्या मागे लागून अकरावीतच गणित सोडण्याची रीत आपल्याकडे पडली आहे, आणि कलाशाखेत तर गणिताला रजाच दिलेली असते. बोधनविज्ञानातील प्रयोग संख्याशास्त्रावर उभे आहेत आणि त्यातील प्रतिमाने संगणकाच्या भाषेत लिहिली जातात. ज्याने या पदवीच्या काळात संख्याशास्त्र आणि संगणकाची आज्ञावली लिहिण्याची कला आत्मसात केली, त्याला संशोधन प्रयोगशाळा, संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या कंपन्या, बाजारपेठ-संशोधन, शिक्षणसाहित्याची निर्मिती, भाषातंत्रज्ञान अशी अनेक गिऱ्हाइके मिळतात. ज्याने केवळ टिपणे पाठ करून गुण मिळवले, त्याच्या हाती डी.एड.सारखाच एक कागद उरतो.

बाजार उशिरा ओळखतो

बाजाराचा कौल मानायचा, पण तोच अखेरचा मानायचा नाही, हे सांगणारे एक उदाहरण प्रत्येक पालकाला ठाऊक असावे. जेफ्री हिंटन यांनी १९७०मध्ये केंब्रिजमधून प्रायोगिक मानसशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर काही काळ त्यांनी चक्क सुतारकाम केले. पुढे १९७८मध्ये एडिंबरोतून डॉक्टरेट घेऊन ते सॅन दिएगोला गेले आणि डेव्हिड रुमेलहार्ट या मानसशास्त्रज्ञासह, मेंदूतील पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर यंत्राला शिकवता येईल का, या प्रश्नाला भिडले. १९८६मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या पायावर आजची कृत्रिम बुद्धिमत्ता मोठ्या प्रमाणात उभी आहे. २०२४मध्ये हिंटन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही भौतिकशास्त्राचे. त्याआधी हर्बर्ट सायमन यांना १९७८मध्ये आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांना २००२मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते.

या उदाहरणातून प्रत्येक बोधनविज्ञानाचा पदवीधर हिंटन होईल असा अर्थ काढणे हा वेडेपणा ठरेल. शिकवणी वर्गांच्या फलकावरील पहिल्या क्रमांकाचे छायाचित्र पाहून शेत विकण्यासारखेच ते आहे. अर्थ एवढाच, की ज्या ज्ञानाला आज भाव नाही त्याला उद्या येऊ शकतो, परंतु त्या उद्याची वाट पाहण्याइतके मोकळे राहता आले पाहिजे. डोक्यावर कर्जाचा हप्ता असणाऱ्याला वाट पाहता येत नाही. पुन्हा मुद्दा तेथेच येतो : स्वस्तात शिकलेला माणूसच धाडस करू शकतो.

येथे आपल्या परंपरेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेची जी नियमबद्ध रचना मांडली, तिचा गौरव आधुनिक भाषाशास्त्राने मुक्तकंठाने केला आहे. मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार यांचा विचार वेदान्ताने, प्रत्यक्ष आणि अनुमान यांचा विचार न्यायदर्शनाने शतकानुशतके केला. या वारशाचा अभिमान योग्यच. परंतु ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ असे म्हणून टाळ्या मिळवल्याने त्यात भर पडत नाही. अष्टाध्यायी जाणणारा विद्यार्थी संगणकशास्त्र शिकेल, न्यायदर्शन वाचलेली विद्यार्थिनी प्रयोगशाळेत निर्णयप्रक्रियेवर प्रयोग करील, तेव्हा तो वारसा चालू राहील. अशा दुहेरी तयारीचे विद्यार्थी आज फार थोडे आहेत, आणि जे थोडे असते त्याला बाजारातही मोल येते.

मराठीला या विद्येची गरज

एक प्रश्न मात्र केवळ व्यक्तीच्या मिळकतीचा नाही. वर्गात एखादे मूल चुणचुणीत असते, बोलण्यात हुशार असते, पण वाचताना अक्षरे अडखळतात. घरी आणि शाळेत त्याला आळशी ठरवले जाते. डिसेंबर २००७मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने ही व्यथा घराघरांत पोहोचवली. २०१६च्या दिव्यांगहक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेला दिव्यांगतेच्या यादीत स्थान दिले. तथापि असे मूल ओळखायचे कसे? इंग्रजीसाठी तयार केलेली चाचणी मराठी मुलाला लावून चालत नाही. आपली लिपी वेगळी, काना-मात्रा आणि जोडाक्षरांची रचना वेगळी, म्हणून चुकाही वेगळ्या होतात. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या बोधनविज्ञान उपक्रमाच्या साहाय्याने मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी विकसित केली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत. बोधनविज्ञानाचा उपयोग काय, या प्रश्नाचे हे एक ठोस उत्तर आहे.

पुण्यात आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हा बुद्धीचे मापन आणि संवर्धन हा विषय शाळेच्या पायाशी ठेवला. पुढे संस्थेत मानसशास्त्राची स्वतंत्र शाखा उभी राहिली आणि बुद्धीच्या विविध पैलूंवर मराठी मुलांना समोर ठेवून संशोधन झाले. मानसशास्त्र हे केवळ परकीय पुस्तकांतून शिकण्याचे नसून आपल्या शाळांत, आपल्या भाषेत उभे करायचे असते, हे त्या कामाने दाखवले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. केंद्र शासनाने २०२२मध्ये भारतीय भाषांच्या यांत्रिक अनुवादासाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. यंत्राला मराठी शिकवायची तर मराठी मनात कशी घडते हे जाणणारी माणसे लागतील. बीडची बोली, तिचे हेल, तिचे शब्द कोणा महानगरी तरुणाला कसे कळणार? ते धारूर-केज-अंबाजोगाईच्या मुलांनाच कळेल, जर ती त्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली तर.

समाजाचे कर्तव्य

तेव्हा निर्णय कसा करावा? ज्या मुलीला या विषयाची खरी ओढ आहे, जिचे गणित पक्के आहे किंवा ते पक्के करण्याची तयारी आहे, जिला सार्वजनिक संस्थेत प्रवेश मिळतो आहे आणि जिच्या शिक्षणाचा भार तीन-चार लाखांच्या आत राहतो आहे, तिला घराने निःशंक मनाने पाठवावे. पदवी संपताच मोठ्या पगाराची अपेक्षा मात्र ठेवू नये. पहिली तीन-चार वर्षे शिकाऊ म्हणून जातील, हे गृहीत धरावे. याउलट केवळ नाव नवे आहे, महानगरात चलती आहे, म्हणून कोणी खासगी विद्यापीठाच्या रंगीत माहितीपुस्तिकेवर दहा-पंधरा लाख ओतू पाहत असेल, तर त्याला तेथेच थांबवावे. प्रवेशाआधी त्या संस्थेतील मागील दोन-तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हे त्यांनाच गाठून विचारावे. जी संस्था हे विचारू देत नाही, तिचे उत्तर त्यातच मिळाले असे समजावे.

परंतु सारा भार एकट्या घरावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. शहरातील मुलाला मामा, शेजारी, शिक्षक यांच्याकडून जी माहिती सहज मिळते, ती धारूरच्या मुलीला मिळत नाही. तिच्या आणि तिच्या पुण्यातील समवयस्क मुलीच्या बुद्धीत अंतर नसते, ओळखीत असते. गावोगावी अभ्यासिका चालवणारे, वसतिगृहे सांभाळणारे, सुट्ट्यांत शिबिरे घेणारे कार्यकर्ते हे अंतर कमी करू शकतात. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एक दिवस असा असावा, की जेथे विविध शाखांत शिकून बाहेर पडलेले त्याच भागातील तरुण येऊन आपला पगार, आपले कर्ज आणि आपल्या अडचणी निःसंकोच सांगतील. सत्काराचे हार आणि भाषणे यांपेक्षा असा एक दिवस अधिक घरे वाचवील. फेड अडलेल्या गुणी विद्यार्थ्यासाठी गावातील चार सुस्थितीतील माणसांनी मिळून बिनव्याजी निधी उभा केला, तर तो विद्यार्थी कोणा सावकाराच्या दारी जाणार नाही.

बालाघाटाच्या माळावर सीताफळ येते ते कोणी मुबलक पाणी घातले म्हणून नव्हे. त्या उथळ, दगडी जमिनीला मानवेल तेच झाड तेथे तग धरते, आणि मग त्याच्या गोडीला बाजारातही नाव मिळते. जमीन न पाहता लावलेले महागडे रोप मात्र कर्जासह वाळून जाते. मुलांच्या शिक्षणाचेही असेच आहे. मुलीचा कल, घराची ऐपत आणि विषयाचे स्वरूप या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर बोधनविज्ञानासारखी अपरिचित विद्याही या मातीत रुजेल. त्या जुळतात की नाही हे तपासण्यासाठी पैशाचा हिशेब मांडावाच लागतो. विद्येचे मोल राखायचे असेल तर तिचा भाव आधी नीट विचारून घ्यावा, आणि तो सांगण्याचे धैर्य समाजाने दाखवावे.